भोंगा, दिवा आणि एकोणचाळीस मिनिटं

जानेवारी १९०६. मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी माग सोडले, काम बंद केलं आणि गिरण्यांवर दगड मारले. मागणी पगारवाढीची नव्हती. भांडण घड्याळाशी होतं.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारनं 'इंडियन स्टँडर्ड टाइम' लागू केला होता. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. नवी वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. दोन्हींत फरक ३९ मिनिटांचा. कागदावर हा किरकोळ बदल वाटतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या कोडमध्ये तो एका ओळीत होतो. पण गिरणीचा भोंगा जर 'साडेसहालाच' वाजणार असेल, तर घड्याळ पुढे गेल्यावर तो साडेसहाचा ठोका सूर्याच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी पडतो. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य आजच्या घड्याळानं सव्वासातच्या आसपास उगवतो. जुन्या मुंबई वेळेनं तेव्हा साडेसहा-पावणेसात वाजलेले असत. म्हणजे जुन्या वेळेनं उजाडताना सुरू होणारं काम नव्या वेळेनं अंधारात सुरू होणार.

शहरातल्या शिकलेल्या लोकांनाही ही नवी वेळ नको होती. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, सरकारवर राग होता, आणि आपल्या शहराची वेळ परक्यांनी का ठरवावी असा त्यांचा सवाल होता. त्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. मुंबई महापालिकेनं तर पुढे कित्येक वर्षं, अगदी स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही, आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली. पण दगड मारणाऱ्या कामगाराचा मुद्दा वेगळा असावा असं मला वाटतं. त्याच्याकडे द्यायला ३९ मिनिटं उरलीच नव्हती. का उरली नव्हती, हे समजायला एक वर्ष मागे जावं लागतं.

सूर्य हाच कामगार कायदा

मुंबईच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकात बहुतेक उजेडावर चालत. कापसाच्या उडत्या तंतूंमध्ये उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. त्यामुळे फटफटलं की काम सुरू, दिसेनासं झालं की बंद. हिवाळ्यात हा दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास, उन्हाळ्यात पावणेचौदापर्यंत. सरासरी बारा तासांच्या थोडी वर. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याचं कसलंही बंधन नव्हतं. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त मुलांपुरता होता. १८९१च्या कायद्यानं बायकांना ११ तासांची मर्यादा दिली. पुरुषांसाठी मर्यादा एकच होती, मावळतीची.

नारायण मेघाजी लोखंड्यांना हे नेमकं ठाऊक होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचताना साध्या वाटतात: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सूर्यास्ताच्या पुढे नको. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. आपला 'संडे' तिथून येतो. शनिवारी रात्री उशिरापर्यंत वेब सिरीज बघताना हे आठवायला हरकत नाही.

मग आला विजेचा दिवा. १९०५च्या सुमाराला सुताला तेजी होती आणि मुंबईच्या गिरण्यांमध्ये विजेची रोषणाई झपाट्यानं पसरली. आता सूर्याची गरज राहिली नाही. कामाचा दिवस चौदा तासांवर गेला, काही ठिकाणी पंधरावर.

एक हिशेब करून बघू. उदाहरणादाखल पहाटे पाच ते रात्री आठ अशी गिरणी धरा. आठला सुटून चाळीत पोचायचं, नळावर रांग लावायची, खानावळीत किंवा खोलीवर जेवायचं, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जणांत अंग टाकायला जागा शोधायची. साडेदहा वाजले. पहाटे चारला उठायचं. उरले साडेपाच तास, तेही उकाडा, ढेकूण आणि शेजारच्याचा खोकला वजा न करता. हे एक-दोन रात्री नाही, आठवड्यातून सहा दिवस.

१९०५च्या शरद ऋतूत याच्याविरुद्ध उठाव झाले. दिव्याखाली उशिरापर्यंत काम करायला कामगारांनी नकार दिला. संप झाले, काही ठिकाणी दगडफेक झाली. 'टाइम्स ऑफ इंडिया'सारख्या इंग्रजी पत्रानंही या तासांविरुद्ध मोहीम चालवली आणि कामगारांसाठी 'गुलाम' हा शब्द वापरला. त्यानंतर दोनच महिन्यांत घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकलं.

झोप आणि राग: प्रयोगशाळा काय सांगते

झोप मोडली की माणूस चिडतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. विज्ञानानं ते मोजायला सुरुवात केली तीही साधारण याच काळात. १८९४ मध्ये मारिया मानासेइना या रशियन संशोधिकेनं कुत्र्याच्या पिल्लांना सतत जागं ठेवलं. चार-पाच दिवसांत ती मेली. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा इथे पॅट्रिक आणि गिल्बर्ट या दोघांनी तीन तरुणांना नव्वद तास जागं ठेवलं. माणसांवरचा हा पहिला नोंदलेला प्रयोग. त्यातल्या एकाला नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या.

१९५९ मध्ये न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक पीटर ट्रिप यानं टाइम्स स्क्वेअरमध्ये २०१ तास जागून दाखवलं. सुरुवातीला हसतखेळत असलेला हा माणूस शेवटाकडे संशयी आणि शिवराळ झाला. तपासायला आलेला डॉक्टर त्याला प्रेतं नेणारा वाटला.

पण हे टोकाचे किस्से. आपल्या कामाचे प्रयोग अलीकडचे आहेत. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २६ निरोगी तरुणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. निम्म्यांची एक रात्रीची झोप पूर्ण काढून घेतली होती. त्रासदायक चित्रं पाहताना न झोपलेल्यांचा अमिग्डाला साठ टक्क्यांनी जास्त पेटत होता. अमिग्डाला म्हणजे मेंदूतली धोक्याची घंटा. कपाळामागचा जो भाग या घंटेला 'गप, काही नाही झालेलं' असं सांगतो, त्याच्याशी तिचा संपर्क सैल झाला होता. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलेला आणि ब्रेक ढिला.

दुसरा प्रयोग क्रिझान आणि हिस्लर या दोघांचा, अमेरिकेतल्याच आयोवा राज्यातला. १४२ जण. काहींना नेहमीसारखं झोपू दिलं, काहींना दोन रात्री दोन ते चार तास कमी झोपायला सांगितलं. मग सगळ्यांना त्रासदायक आवाज ऐकवत काम करायला लावलं. पुरेसं झोपलेल्यांना आवाजाची सवय होत गेली, त्यांचा राग उतरला. कमी झोपलेल्यांचा राग वाढला. या प्रयोगात कुणी रात्रभर जागलं नव्हतं. अर्धवट झोपलेले लोक होते ते, म्हणजे तुम्ही-आम्ही. आणि आवाजाची सवय होण्यासाठीसुद्धा झोप लागते, हे घाटकोपरमध्ये मेन रोडच्या कडेला राहणाऱ्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आरोग्य-लेखांत ती नसते. राग येणं आणि हात उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न झोपलेल्या माणसाला राग जास्त येतो याचे पुरावे भक्कम आहेत. तो हल्ला जास्त करतोच असं मात्र प्रयोगशाळेत दरवेळी दिसत नाही. २०१३ मधल्या एका कॅनेडियन अभ्यासात तर रात्रभर जागलेल्या पुरुषांनी डिवचल्यावर उलट कमी आक्रमकपणा दाखवला. त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलेलं होतं. थकलेल्या शरीरात भांडायचंही त्राण नसतं.

मग दगड कोण उचलतं? भांडं कोण फेकतं? इथे प्रयोगशाळा संपते आणि घर सुरू होतं.

रातपाळीचा आठवडा

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. मी त्यांना पाहिलं ते निवृत्तीनंतर, मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेच्या बाल्कनीत पेपर वाचताना. शांत माणूस. पण माझे बाबा आणि आत्या त्यांच्याबद्दल बोलताना एकच शब्द वापरतात: तापट.

आजी हा शब्द वापरायची नाही. ती म्हणायची, "रातपाळीच्या आठवड्यात त्यांच्या वाटेला जायचं नसतं बाबा." त्या आठवड्यात आजोबा सकाळी घरी येत आणि दिवसा झोपत, किंवा झोपायचा प्रयत्न करत. चाळीतली खोली एकच. मुलांना गॅलरीत हाकललेलं असे. आजी भांडी घासायची थांबे. तरी कुणाचा तरी रेडिओ लागे, नळाला पाणी येई, भंगारवाला ओरडे. बाबांच्या हातून एकदा स्टीलचा डबा पडला आणि त्यांनी पट्ट्यानं मार खाल्ला. तोच माणूस दिवसपाळीच्या आठवड्यात रविवारी मुलांना राणीच्या बागेत नेऊन भेळ खायला घालायचा.

बाबांना हे मी प्रयोगांसकट सांगितलं, तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असेल. पण पट्टा मला लागला." त्याला उत्तर नाही, आणि असूही नये. कारण कळलं म्हणजे मार पुसला जात नाही.

मग आत्यानं विचारलं, "आणि आईचं काय रे? ती कधी झोपायची?" आजी पहाटे चारला पाण्यासाठी उठे. सगळ्यांची जेवणं आटोपून शेवटी आडवी होई. आजोबा रातपाळीला असोत की दिवसपाळीला, तिची पाळी बदलत नसे. घरात सगळ्यांत कमी झोप तिची होती. पण 'तापट' ती नव्हती. तिला तापट असायची परवानगीच नव्हती.

या विषयावर वाचलेल्या सगळ्या शोधनिबंधांपेक्षा आत्याचा हा प्रश्न मला जास्त शिकवून गेला. झोपेचा तुटवडा प्रत्येकाचा ब्रेक ढिला करतो. पण राग कुणावर निघणार, हे मेंदू एकटा ठरवत नाही. तो उतारावरून वाहतो. मुकादमावर निघू शकत नाही म्हणून बायकोवर, बायको गप्प म्हणून पोरावर. मॅनेजरवर निघत नाही म्हणून लोकलमधल्या अनोळखी माणसावर. बोरिवलीचा माणूस विरार फास्टच्या दारात शिव्या खातो तेव्हा शिव्या देणाराही बहुधा पहाटेपासून जागाच असतो.

आणि म्हणूनच १९०५-०६ची गोष्ट मला वेगळी वाटते. तिथे न झोपलेल्या माणसांचा राग उलट्या दिशेनं, चढावर गेला. ज्या दिव्यानं रात्र खाल्ली आणि ज्या घड्याळानं पहाट खाल्ली, तिकडेच. पोलिसांच्या भाषेत तो दंगा असेल. पण त्या दंग्याला पत्ता होता.

थकलेला माणूस की आळशी माणूस?

मालकांचं म्हणणं काय होतं? त्यांचा आवडता मुद्दा असा की हिंदी कामगार चौदा तास गिरणीत असतो खरा, पण चौदा तास काम कुठे करतो? मधूनमधून उठून बाहेर जातो, विडी ओढतो, आवारात आडवा होतो. त्यामुळे तास कमी करायची गरज नाही. हेच दुसऱ्या बाजूनं वाचा: कामाच्या वेळात माणसं आवारात झोपत होती, कारण झोपायला दुसरी वेळच नव्हती. शरीर आपली झोप हप्त्याहप्त्यानं वसूल करत होतं, आणि त्याची नोंद आळस म्हणून होत होती.

राजकारणही सरळ नव्हतं. हिंदी कामगाराचे तास कमी करा असा आग्रह धरणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालक होते, कारण मुंबईच्या सुतानं त्यांचा धंदा बसत होता. त्यामुळे फॅक्टरी कायदा म्हणजे इंग्रजांचा डाव, असं आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनी आधीच ठरवून टाकलं होतं. कामगाराच्या झोपेची काळजी असलेले थोडे, तिचा उपयोग करून घेणारे जास्त.

तरी उठावांचा परिणाम झाला. १९०६ मध्ये सरकारनं चौकशी समिती नेमली. तिनं प्रौढांसाठी १२ तासांची मर्यादा सुचवली. पाठोपाठ मोठा आयोग बसला, आणि त्याच्या बहुमतानं प्रौढ पुरुषांच्या तासांना थेट मर्यादा घालायला नकार दिला. वेगळं मत नोंदवलं ते डॉ. टी. एम. नायर यांनी. ते मद्रासचे, पेशानं डॉक्टर. शरीराला सीमा असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी १९११चा कायदा आला आणि भारतात पहिल्यांदाच कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना मर्यादा मिळाली, दिवसाला १२ तास. १९२२ मध्ये ती ११ झाली, १९३४ मध्ये १०, आणि पुढे ९. जी गोष्ट सूर्य फुकट देत होता, ती विजेचा दिवा आल्यावर कायद्यानं परत मिळवायला सहा वर्षं लागली.

आमचे एकोणचाळीस मिनिटं

आता आमची गोष्ट. अंधेरीत सीप्झ १९७३ मध्ये उभं राहिलं. पुढे त्याच्या आजूबाजूला, पवईत, मालाडला, खाडीपलीकडे ऐरोलीत काचेच्या इमारती आल्या आणि उपनगरांत नवी रातपाळी सुरू झाली. भोंगा नाही, धूर नाही, एसी आहे, कॅब आहे. माझी टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबरोबर काम करते. तिथे दर मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरमध्ये मागे येतं. त्यांच्या उन्हाळ्यात आमच्यातलं अंतर साडेनऊ तासांचं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचं घड्याळ मागे गेलं की आमची सगळी कामं एक तास उशिरा सरकतात आणि मुलुंडमधल्या माझ्या झोपेतून तो तास कापला जातो.

१९०६ मध्ये ३९ मिनिटांसाठी हजारो लोक रस्त्यावर आले. आमचा साठ मिनिटांचा बदल कॅलेंडर आपोआप करतं. मीटिंगच्या निमंत्रणात नवी वेळ दिसते, आपण 'ॲक्सेप्ट' दाबतो. मग रात्री दीडला कुणाच्या तरी कोडवर आपण जरा जास्त बोचरी कमेंट टाकतो, सकाळी आई चहा ठेवताना कपाचा आवाज करते म्हणून तिच्यावर खेकसतो, आणि दुपारी 'मेडिटेशन'चं ॲप डाउनलोड करतो. आमच्या रागाला पत्ता नाही. तो उतारावरून वाहत आईपर्यंत जातो.

झोपेबद्दल आज आपल्याशी जे बोललं जातं ते सगळं वैयक्तिक असतं. फोन लांब ठेवा, संध्याकाळनंतर कॉफी नको, काळे पडदे लावा. सगळं खरं आहे, मी करतोही. पण त्यात एक गृहीत आहे की झोप ही माझ्या शिस्तीची बाब आहे. मुंबईचा इतिहास काही वेगळं सांगतो. इथे झोपेचे तास सूर्यानं ठरवले, मग मालकाच्या दिव्यानं, मग सरकारच्या घड्याळानं, आणि शेवटी कायद्यानं. त्या कायद्यामागे न झोपलेल्या माणसांचा राग होता.

हा इतिहास संपलेलाही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकानं-ऑफिसांची ९ वरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइमसाठी कामगाराच्या लेखी संमतीची अट आहे, आणि १९११ची परिस्थिती आज नाही, हे मान्य. पण बारा हा आकडा ओळखीचा आहे. बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्या माणसाच्या बारा तासांत प्रवासाचे तीन-चार तास मिळवा आणि वरचा चाळीतला हिशेब पुन्हा मांडून बघा. उत्तर फारसं वेगळं येत नाही.

'तापट' या शब्दाबद्दल मी आता जरा सावध झालोय. कुणाचा स्वभाव असेलही तसा. पण तो शब्द चिकटवण्याआधी दोन प्रश्न विचारून बघण्यासारखे आहेत. हा माणूस कुठल्या पाळीला आहे? आणि त्याच घरात, त्याच्याहून कमी झोपलेलं, गप्प बसलेलं कोण आहे?